विश्लेषण : सॉफ्टवेअर तयार होते, पण स्वीकारले का जात नाही?

मुंबई विद्यापीठाचे २०१७ चे रखडलेले निकाल असोत वा २०२१ मध्ये अडखळलेले प्राप्तिकर विभागाचे संकेतस्थळ, सॉफ्टवेअर ‘तयार’ असूनही वापरणाऱ्यांच्या हाती पडताच गोंधळ का उडतो? ग्राहकाची स्वीकृती हा सॉफ्टवेअर प्रकल्पाचा शेवटचा टप्पा मानला जातो. पण तिचा निकाल बहुतेक वेळा सुरुवातीलाच का लागलेला असतो? बंदराच्या वाटेवरील जासईपासून नव्या विमानतळापर्यंतच्या उदाहरणांतून याचा आढावा.

जासईचा या विषयाशी संबंध काय?

उरण तालुक्यातील जासई हे गाव जवाहरलाल नेहरू बंदराच्या वाटेवर आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदराने २०२४-२५ या आर्थिक वर्षात वीस फुटी कंटेनरच्या एककात मोजल्यास ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. जासई, चिरले, गव्हाण फाटा या पट्ट्यात कंटेनरची गोदामे, ट्रेलर उभे करण्याच्या जागा आणि वाहतूकदारांची कार्यालये आहेत. परिसरातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ या व्यवसायावर चालतो.

हा व्यवसाय दिसतो रस्त्यावर, पण चालतो संगणकावर. निर्यातीच्या मालाचे शिपिंग बिल सीमाशुल्क विभागाच्या ‘आइसगेट’ या यंत्रणेत दाखल होते. जहाजावरील जागेची नोंद जहाज कंपनीच्या प्रणालीत असते. बंदराच्या दारातून आत जाण्यासाठी ‘फॉर्म १३’ लागतो. आत गेल्यावर कंटेनर कोणत्या रांगेत, कितव्या थरावर ठेवायचा हे टर्मिनलचे सॉफ्टवेअर ठरवते. यातील एका दुव्याने दुसऱ्याला वेळेत निरोप दिला नाही, तर ट्रेलर दारात उभा राहतो. मागच्यांची रांग लागते, चालकाची खेप बुडते आणि नाशवंत माल असेल तर नुकसान शेतकऱ्यापर्यंत पोहोचते.

हे अवलंबित्व किती खोल आहे, ते २७ जून २०१७ रोजी दिसले. ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्यात डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे संगणक जगभर बंद पडले. या समूहातील कंपनी चालवत असलेल्या न्हावा-शेवाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. तो प्रकार हल्ल्याचा होता, सदोष सॉफ्टवेअरचा नव्हता. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. अशा ठिकाणी नवी प्रणाली बसवताना ‘आधी सुरू करू, मग दुरुस्त करू’ हे धोरण परवडत नाही. म्हणूनच ग्राहकाने ती कधी आणि कशी स्वीकारायची, या प्रश्नाला महत्त्व येते.

ग्राहकाची स्वीकृती म्हणजे नेमके काय?

साधारणपणे सॉफ्टवेअर प्रकल्प पुढील क्रमाने जातो. आधी गरजांचा दस्तऐवज तयार होतो. मग आराखडा, प्रत्यक्ष बांधणी आणि कंपनीची स्वतःची चाचणी. त्यानंतर ग्राहकाची माणसे ते सॉफ्टवेअर आपल्या कामावर वापरून पाहतात. या टप्प्याला वापरकर्ता स्वीकृती चाचणी किंवा व्यवसायातील रोजच्या भाषेत ‘यूएटी’ म्हणतात. ती समाधानकारक ठरली की ग्राहक स्वीकृतिपत्रावर सही करतो, सॉफ्टवेअर प्रत्यक्ष कामासाठी सुरू होते आणि कंपनीच्या बिलाचा मोठा हप्ता मोकळा होतो.

या दोन चाचण्यांत मूलभूत फरक आहे. कंपनीची चाचणी विचारते, ‘लिहून दिले होते तसे बांधले का?’ ग्राहकाची चाचणी विचारते, ‘ज्या कामासाठी हवे होते ते काम होते का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे असू शकते. बहुतेक वादांचे मूळ इथेच असते. कंपनी दस्तऐवजाकडे बोट दाखवते, ग्राहक अडलेल्या कामाकडे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

कंटेनरच्या क्रमांकाचे उदाहरण घेता येईल. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा क्रमांक ११ चिन्हांचा असतो. आधी चार अक्षरे, मग सहा आकडे आणि शेवटी एक पडताळणी अंक. आधीच्या दहा चिन्हांवर ठरावीक गणित केले की हा शेवटचा अंक मिळतो. त्यामुळे टंकलेखनात एखादे चिन्ह चुकले तर सॉफ्टवेअर ते सहसा ओळखते. कंपनीच्या चाचणीत हा मुद्दा ‘उत्तीर्ण’ होतो. पण गोदामातील कारकुनाने शेजारच्याच कंटेनरचा अचूक क्रमांक भरला तर? पडताळणी अंक जुळतो, नोंद स्वीकारली जाते आणि ट्रेलर भलताच कंटेनर घेऊन निघतो. ही शक्यता दस्तऐवज लिहिणाऱ्या सल्लागाराला सुचेलच असे नाही. रोज शंभर नोंदी करणाऱ्या कारकुनाला ती पहिल्या दिवशी सुचते. तो चाचणीला बसला होता की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते.

मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये काय घडले?

महाराष्ट्राने सर्वाधिक जवळून पाहिलेले उदाहरण मुंबई विद्यापीठाचे आहे. उरण, पनवेलसह रायगडमधील महाविद्यालयेही या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सर्व विद्याशाखांतील सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, त्यांवरील बारकोडने ओळख ठेवायची आणि प्राध्यापकांनी लॉगिन करून गुण द्यायचे, अशी ही पद्धत होती. हेतू चांगला होता. वाहतूक वाचणार होती, बेरजेच्या चुका टळणार होत्या आणि निकाल लवकर लागणार होते.

घडले उलटे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावणे अपेक्षित आहे. ही मुदत उलटली. तत्कालीन राज्यपाल व कुलपती चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही पाळली गेली नाही. प्राध्यापकांना लॉगिन होण्यात अडचणी आल्या, पाने उघडण्यास वेळ लागला, काही उत्तरपत्रिका सापडेनात, काहींची सरमिसळ झाली. निकालांना सप्टेंबर उजाडला. अनेक विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडचणीत आले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

या प्रकरणाकडे ‘सॉफ्टवेअर वाईट होते’ एवढ्याच नजरेने पाहिले तर धडा हुकतो. पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत अन्यत्रही वापरात आहे. इथे नवी पद्धत, प्राध्यापकांची नवखी फौज, सर्व विद्याशाखा आणि कायद्याने बांधलेली मुदत हे सारे एकाच हंगामात एकत्र आले. चूक सापडली तर मागे फिरायला वेळच उरला नव्हता.

आकड्यांचा अंदाज आधी का घ्यावा लागतो?

उदाहरणादाखल एक साधे गणित मांडता येईल. समजा एका उत्तरपत्रिकेची ३० पाने आहेत आणि प्रत्येक पान उघडायला अपेक्षेपेक्षा फक्त १० सेकंद जास्त लागतात. म्हणजे एका उत्तरपत्रिकेमागे पाच मिनिटे वाढली. १७ लाख उत्तरपत्रिकांसाठी ही वाढ ८५ लाख मिनिटांची, म्हणजे सुमारे १ लाख ४२ हजार तासांची होते. पाच हजार परीक्षक काम करत आहेत असे धरले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास २८ तास जादा येतात. दिवसाला आठ तास धरले तर साडेतीन दिवस फक्त पान उघडण्याची वाट पाहण्यात जातात.

एका वर्गखोलीत दहा संगणकांवर चाचणी घेतली तर हे १० सेकंद कोणाला खटकणार नाहीत. म्हणून स्वीकृतीच्या अटींत ‘प्रणाली जलद असावी’ असे लिहून भागत नाही. एकाच वेळी किती जण काम करतील, कोणत्या वेगाच्या इंटरनेटवर करतील आणि पान किती सेकंदांत उघडले पाहिजे, हे आकड्यांत लिहावे लागते. आणि त्या गर्दीएवढा भार टाकून चाचणी घ्यावी लागते. हे काम निविदा काढतानाच झाले पाहिजे. सॉफ्टवेअर बांधून झाल्यावर असे आकडे पुढे केले, तर कंपनी ते वाढीव काम म्हणून मोजते आणि ग्राहक त्याला टाळाटाळ म्हणतो.

पासपोर्ट सेवा प्रकल्पात काय वेगळे केले गेले?

परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट सेवा प्रकल्पाचे काम २००८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे देण्यात आले. पासपोर्ट हा सुरक्षेशी निगडित विषय. अर्जाची छाननी, पोलीस पडताळणी, छपाई आणि टपाल अशी अनेक खाती त्यात येतात. देशभर एकाच दिवशी प्रणाली बदलण्याऐवजी २०१० मध्ये प्रथम बेंगळूरु व चंडीगड विभागांत ती प्रायोगिक पातळीवर सुरू झाली. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान खात्याच्या अखत्यारीतील ‘एसटीक्यूसी’ या संस्थेकडून तपासणी झाली. ही संस्था बांधणारी नव्हती आणि वापरणारीही नव्हती. त्यानंतर टप्प्याटप्प्याने जून २०१२ पर्यंत देशातील ७७ पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली.

काम दिल्यापासून देशभर विस्तार होईपर्यंत जवळपास चार वर्षे गेली. त्या काळात ‘उशीर’ म्हणून टीकाही झाली. पण आज पासपोर्टसाठी जाणारा सामान्य माणूस वेळ ठरवून जातो आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी केंद्रावरील काम आटोपून बाहेर पडतो.

या करारातील पैसे देण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. सॉफ्टवेअर सुपूर्द केले की एकरकमी मोबदला, अशी ती रचना नव्हती. सेवेच्या प्रमाणात आणि ठरलेल्या दर्जाच्या निकषांशी जोडून मोबदला मिळत होता. केंद्रावर रांग अडली तर त्याची झळ कंपनीलाही बसणार होती. त्यामुळे सहीच्या दिवशी स्वीकृतीचा विषय संपत नव्हता. ती पुढेही नव्याने कमवावी लागत होती.

मोठ्या कंपन्यांच्या प्रकल्पांतही अडचणी का येतात?

कंपनीचे नाव मोठे असले म्हणजे स्वीकृती मिळतेच असे नाही. प्राप्तिकर विभागाचे नवे ई-फायलिंग संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले. ते इन्फोसिसने तयार केले होते. पहिल्या दिवसापासून करदाते आणि सनदी लेखापालांकडून तक्रारींचा ओघ सुरू झाला. अखेर २३ ऑगस्ट रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी सलील पारेख यांना बोलावून घेतले. त्रुटी दूर करण्यासाठी १५ सप्टेंबरपर्यंत मुदत देण्यात आली. विवरणपत्रे भरण्याच्या मुदतीही वाढवाव्या लागल्या. जुने संकेतस्थळ बंद करून नवे सर्वांसाठी एकदम खुले केले की चुका शोधण्याचे काम करदात्यांवर पडते, हे तेव्हा दिसले.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे पाचवे टर्मिनल २७ मार्च २००८ रोजी सुरू झाले, तेव्हा असाच प्रकार घडला होता. सामानाच्या प्रणालीत चाचणीच्या काळात एक गाळणी बसवली होती. चाचणीतील निरोप अन्यत्रच्या चालू यंत्रणांत मिसळू नयेत, हा तिचा उद्देश. टर्मिनल प्रत्यक्ष सुरू झाले, पण ती गाळणी काढायची राहून गेली आणि खरे निरोपही अडले. कर्मचाऱ्यांना नव्या इमारतीची पुरेशी ओळख नव्हती. बांधकाम लांबल्याने चाचण्यांचा वेळ कापला गेला होता. पहिल्या काही दिवसांत शेकडो विमानफेऱ्या रद्द झाल्या आणि हजारो प्रवाशांचे सामान अडकले.

हीथ्रोची ही कारणे ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे मांडली गेली. त्यातील एक मुद्दा कोणत्याही प्रकल्पाला लागू पडतो. काम मागे पडले की सर्वांत आधी कात्री लागते ती चाचणीच्या दिवसांना. कारण उद्घाटनाची तारीख आधीच जाहीर झालेली असते.

नवी मुंबई विमानतळाच्या बाबतीत काय झाले?

जासई हे दि. बा. पाटील यांचे जन्मगाव. नवी मुंबई विमानतळाला त्यांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ मध्ये केला. या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रत्यक्ष प्रवासी वाहतूक २५ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाली. मधल्या अडीच महिन्यांत सराव चाचण्या घेण्यात आल्या. उद्घाटन झाले तरी विमाने का उडत नाहीत, अशी विचारणा तेव्हा होत होती.

अशा सराव चाचण्यांत माणसे खऱ्या प्रवाशांप्रमाणे सामान घेऊन येतात, तपासणीतून जातात, सामान पट्ट्यावर ठेवतात आणि दुसऱ्या टोकाला ते मिळते का, हे पाहिले जाते. मुद्दाम अडचणीही निर्माण केल्या जातात. चुकीची चिठ्ठी लावलेली बॅग, ऐन वेळी बदललेले फाटक, बंद पडलेला पट्टा. विमान वाहतूक क्षेत्रात हा प्रकार आता प्रस्थापित झाला आहे आणि त्यामागे हीथ्रोसारखे अनुभव आहेत. उद्घाटन आणि प्रत्यक्ष वापर यांत अंतर ठेवणे राजकीयदृष्ट्या अवघड असते, पण तांत्रिकदृष्ट्या तेच शहाणपणाचे ठरते.

बंदरात खरा ग्राहक कोण?

विमानतळावर यंत्रणेची सूत्रे बऱ्याच अंशी एका कंपनीकडे असतात. बंदरात तसे नाही. सीमाशुल्क विभाग, टर्मिनल चालवणाऱ्या कंपन्या, जहाज कंपन्या, कंटेनर गोदामे, सीमाशुल्क दलाल, वाहतूकदार आणि चालक असे अनेक जण एकाच साखळीत असतात. सॉफ्टवेअरच्या करारावर सही एकाची असते, वापर सर्वांचा.

कंटेनरचा माग ठेवणाऱ्या ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ या प्रकल्पाची सुरुवात जुलै २०१६ मध्ये याच बंदरातून झाली. केंद्राच्या औद्योगिक मार्गिका विकासाच्या यंत्रणेने जपानच्या एनईसी कंपनीबरोबर तो हाती घेतला. कंटेनरला रेडिओ लहरींवर ओळखता येणारी चिठ्ठी लावायची आणि बंदराचे दार, गोदाम, टोलनाका येथील यंत्रांनी ती वाचायची, अशी ही रचना आहे. प्रथम एक बंदर, मग गुजरातमधील बंदरे आणि पुढे देशातील इतर बंदरे अशा टप्प्यांनी ती विस्तारली. चालकाने यात काही टंकित करायचे नसते. ट्रेलर यंत्राजवळून गेला की नोंद होते. ज्याला या प्रणालीचा थेट लाभ नाही, त्याच्यावर तिने कामाचा बोजाही टाकलेला नाही.

एरवी सॉफ्टवेअर नाकारले जाण्याचे हे एक मोठे कारण असते. माहिती भरण्याचे श्रम एकाचे आणि तिचा उपयोग दुसऱ्याला, अशी विभागणी झाली की भरणारा पळवाटा शोधतो. गोदामातील कारकून आधी वहीत लिहितो आणि संध्याकाळी सवडीने संगणकावर चढवतो. पडद्यावर ‘प्रत्यक्ष वेळेतील’ माहिती दिसते, पण ती सहा तास जुनी असते. कागदोपत्री अशी प्रणाली स्वीकारलेली असते, वापरात ती नाकारलेली असते. म्हणून प्रकल्प व्यवस्थापकाने सुरुवातीलाच दोन याद्या करायला हव्यात. सही कोण करणार आणि रोज वापरणार कोण. दुसऱ्या यादीतील माणसांना चाचणीच्या खोलीत आणणे हे त्याचे काम आहे.

स्वीकृती मिळवण्यासाठी काय करावे लागते?

वरील उदाहरणांतून काही बाबी पुढे येतात. पहिली, स्वीकृतीचे निकष करारातच मोजता येतील असे असावेत. दुसरी, चुकांची प्रतवारी आधी ठरवावी. काम पूर्ण थांबवणारी चूक, पर्यायी मार्गाने निभावता येणारी चूक आणि दिसण्यापुरती चूक यांना एकाच मापाने तोलता येत नाही. पहिल्या प्रकारातील एकही चूक शिल्लक असताना सुरुवात करायची नाही आणि तिसऱ्या प्रकारातील चुकांसाठी सही अडवायची नाही, एवढे ठरले तरी अर्धे वाद मिटतात.

तिसरी, चाचणी जुन्या, खऱ्या नोंदींवर घ्यावी. नमुन्यादाखल बनवलेली माहिती नेहमी स्वच्छ असते. खऱ्या नोंदींत एकाच माणसाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, तारखा उलटसुलट असतात, रकाने रिकामे असतात. जुन्या प्रणालीतून माहिती नव्या प्रणालीत नेताना अडचणी येतात त्या याच कारणाने. चौथी, शक्य असेल तिथे काही दिवस जुनी आणि नवी पद्धत समांतर चालवावी. कर्मचाऱ्यांना दुहेरी काम पडते, म्हणून हा काळ थोडा आणि ठरलेला असावा.

पाचवी, परतीचा मार्ग लिहून ठेवावा. सुरू केल्यावर किती तासांत काय बिघडले तर जुन्या पद्धतीवर परत जायचे आणि तो निर्णय कोणी घ्यायचा, हे आधी ठरलेले नसेल तर ऐन गोंधळात कोणीच निर्णय घेत नाही. सहावी, काम तुकड्यांनी दाखवावे. २००१ मध्ये सतरा सॉफ्टवेअर जाणकारांनी अमेरिकेतील युटामध्ये एकत्र येऊन जो ‘अ‍ॅजाइल’ जाहीरनामा मांडला, त्याचा गाभा हाच आहे. दर काही आठवड्यांनी चालणारा भाग ग्राहकाला द्यावा आणि त्याच्या प्रतिक्रियेवर पुढचा भाग बेतावा. असे झाले तर शेवटच्या चाचणीत अनपेक्षित असे फारसे काही उरत नाही.

ग्राहकाची जबाबदारी कोणती?

स्वीकृती रखडण्याचा दोष नेहमी कंपनीचाच असतो असे नाही. चाचणीसाठी अनुभवी कर्मचारी हवे असतात, पण कार्यालये सहसा ज्याच्याकडे काम कमी आहे त्याला पाठवतात. गरजा सांगणारा अधिकारी चाचणीच्या वेळी बदलून गेलेला असतो आणि नवा अधिकारी नव्या अपेक्षा मांडतो. सरकारी कार्यालयांत आणखी एक अडचण असते. सही केली आणि पुढे दोष निघाला तर लेखापरीक्षणात उत्तर द्यावे लागेल, ही धास्ती. त्यामुळे प्रणाली रोज वापरात असते, पण स्वीकृतिपत्र महिनोन् महिने टेबलावर पडून राहते.

याचा फटका लहान कंपन्यांना बसतो. मोठी कंपनी थकीत बिल काही काळ सोसू शकते. पंधरा-वीस माणसांच्या कंपनीला पुढच्या महिन्याचे पगार द्यायचे असतात. अशा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात तरतूद आहे. नोंदणीकृत उद्योगाने सेवा दिल्यावर ग्राहकाने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा दिल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस मानला जातो. हरकत घेतली असेल तर तिचे निराकरण झाल्याचा दिवस धरला जातो. करारात काहीही लिहिले तरी पैसे देण्याची मुदत स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी थकबाकी प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून वजावट मिळत नाही, अशी तरतूद प्राप्तिकर कायद्यातही झाली.

कायदा हाताशी असला तरी लहान कंपन्या तो क्वचितच वापरतात, कारण ग्राहक दुरावण्याची भीती असते. त्यापेक्षा करारातच ‘ठरलेल्या दिवसांत लेखी हरकत न आल्यास स्वीकृती मिळाली असे मानले जाईल’ असे कलम घालणे आणि प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र सही घेणे अधिक उपयोगी पडते. ग्राहकाच्याही ते हिताचे असते. हरकत लेखी आणि वेळेत नोंदवायची सवय लागली की दोष लवकर सापडतात.

पुढे काय?

बंदर, अटल सेतू आणि आता विमानतळ यांमुळे उरण-पनवेल पट्ट्यात येत्या काळात नवनव्या प्रणाली येत राहतील. माल तपासणी, प्रवेशद्वारे, वाहनतळ, गोदामे, जमिनीच्या नोंदी असे त्यांचे अनेक प्रकार असतील. प्रत्येक वेळी उद्घाटनाची तारीख आणि खर्चाचा आकडा ठळकपणे सांगितला जाईल. नागरिकांनी, वाहतूकदारांच्या संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी त्यासोबत आणखी काही विचारायला हवे. चाचणीला कोण बसले होते? रात्रपाळीचा कारकून आणि ट्रेलरचालक त्यांत होते का? गर्दीच्या दिवसाएवढा भार टाकून पाहिला का? सूचना मराठी, हिंदीत आहेत का? बिघाड झाल्यास कागदावर काम चालवण्याची तयारी आहे का आणि तो आदेश कोण देणार?

ही उत्तरे मागितली जात नाहीत तोवर चाचणीचे दिवस कापणे सोपे राहील. मुंबई विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी २०१७ मध्ये त्याची किंमत निकालाच्या प्रतीक्षेत मोजली. बंदराच्या वाटेवर ती ट्रेलरच्या रांगेत मोजावी लागेल, आणि त्या रांगेत उभ्या असलेल्या चालकाची सही करारावर कुठेच नसेल.